निखाडे, शाखा दुसरी

पोस्टकार्डावर काय लिहावं आणि काय लिहू नये याचे काही नियम असायला पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आजारपण लिहा, गाय व्याली लिहा, मंगळवारच्या गाडीनं येतो लिहा, कोणाची ना नाही. पण बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या, दोन वेळ व्यवस्थित जेवणाऱ्या, एका लग्नाच्या मुलीच्या बापाला तुमचा वंश पूर्वीच बुडालेला आहे असं उघड्या पोस्टकार्डावर कळवणं ही कुठली रीत? निदान पाकिटात तरी घालायचं.

पोस्टमननं ते वाचलं होतं यात शंका नाही. एरवी हा गृहस्थ सायकलवरून न उतरता आमच्या अंगणात पत्र भिरकावतो. त्या दिवशी उतरला, पत्र हातात दिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच शंका आली.

पत्र कन्हानहून वामनराव पडोळ्यांचं होतं. मजकूर असा: "रा. रा. जागेश्वर डोमाजी निखाडे यांस वामनराव पडोळे यांचा नमस्कार. विनंती विशेष. आपला व आमचा भाट एकच आहे असे समजले. त्याची पोथी पाहिली. सावळडोहचे निखाडे, शाखा दुसरी, नानाजी, पुढे निर्वंश, असे आहे. आपण त्याच नानाजीचे नातू म्हणविता. तरी खुलासा व्हावा. तुळशीच्या लग्नापर्यंत न झाल्यास वर्धेकडील स्थळाचा विचार करणे भाग आहे. कळावे."

'निर्वंश' मी एक वेळ सहन केला असता. पण 'म्हणविता'? मी काय हौस म्हणून स्वतःला माझ्या आजोबांचा नातू म्हणवून घेतो?

भाट म्हणजे काय हे शहरातल्या लोकांना आता सांगावं लागतं. मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. आमच्या लोकांत घराण्याघराण्याचा भाट ठरलेला असतो. पाच-सात वर्षांतून एकदा तो लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन गावोगाव हिंडतो, मूळ पुरुषापासून सगळी नावं खणखणीत आवाजात वाचून दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं लिहून घेतो, धोतर-पागोटं घेतो, जेवतो आणि पुढच्या गावाला जातो. पोथीत नाव असलं की माणूस आहे, नसलं की नाही. माझं नाव मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर आहे, रेशन कार्डावर आहे, मतदार यादीत तर दोनदा आहे. पण पोथीत नव्हतं.

आता वामनरावांना एवढं महत्त्व का, तर त्यांचा पुतण्या. मुलगा कन्हानला कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर. त्याचे वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं, त्यामुळे घरात शब्द काकांचा. आमची पुष्पलता बी.एस्सी. झालेली, शाळेत शिकवते, आमची एकुलती एक. तिनं आधीची चार स्थळं नाक मुरडून परत पाठवली होती. हा मुलगा पाहून गेल्यावर आईला म्हणाली, "चालेल." आणि रात्री जेवताना, दुसरंच काही बोलता बोलता, कन्हानची बस किती वेळ घेते म्हणून मला विचारलं. बापाला एवढं कळतं. म्हणून तो राग मी गिळला आणि खुलासा करायचं ठरवलं.

माझी बायको वच्छला सरळ विचारांची आहे. तिनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या आजाले लेकरंच नव्हती, तर तुम्ही कुठून आले? जा कन्हानले अन् त्यायच्या समोर उभे राहा. झाला खुलासा." मी तिला समजावलं की नुसतं समोर उभं राहणं हा पुरावा होत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर लोक माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहतात, आणि मी प्रत्येकाला हयातीचा दाखला आणा म्हणून परत पाठवतो. मी एका कचेरीत हेडक्लार्क आहे. नियम मला कोणी शिकवायला नको.

शेजारी मनोहरराव राहतात. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झाल्यापासून ते सल्ला देतात. त्यांनी पोस्टकार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की हे प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही, कारण मी खरोखर दुसऱ्याच कोणाचा नातू असण्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. माझ्या घरात, माझा चहा पिऊन. त्यांच्या पत्नी सिंधूताईंनी तर कहरच केला. पोस्टकार्डात काय आहे हे पुरतं न ऐकता त्यांनी आमच्या घरांच्या साऱ्या लाइनीत सांगून टाकलं की निखाड्यांच्या घरी निर्वंशाचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार बायका वच्छलाच्या समाचाराला आल्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. वच्छलानं त्यांना पोहे करून घातले आणि संध्याकाळी तो सगळा राग माझ्यावर काढला.

पुरावा कुठून सुरू करायचा, तर घरातल्या सगळ्यात जुन्या माणसापासून. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, भागीरथा आत्या, उमरेडला असते. ऐंशीच्या घरात आहे, पण तोंड आणि कान दोन्ही शाबूत. मी रविवारी एसटीनं गेलो, नवी वही नेली, पहिल्या पानावर 'निखाडे घराण्याचा इतिहास' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आत्याला म्हटलं, नानाजींबद्दल सगळं सांग.

आत्या रंगात आली. तीन तास बोलली. ते कसे सहा फूट होते, विळ्यानं बिबट्या कसा मारला, दुष्काळात गावाला स्वतःच्या कोठारातून ज्वारी कशी वाटली, मालगुजाराला भर पंचायतीत कसं गप्प केलं. मी पानामागून पानं लिहीत होतो आणि मान ताठ होत चालली होती. असा आजा, आणि त्याला निर्वंश? वामनरावाला ही वही वाचून दाखवताना आवाज किती चढवायचा हेही मी ठरवलं होतं. सहज खात्री म्हणून विचारलं, म्हणजे हे सगळं सावळडोहला घडलं ना? आत्या म्हणाली, सावळडोहले कायले, इथीच, उमरेडात.

झालं होतं असं. आत्याच्या सासऱ्याचं नावही नानाजीच. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तिनं चौसष्ट वर्षं पाळली, त्यामुळे बापाचंही नाव तिच्या तोंडून निघत नाही. दोघांनाही ती 'ते' म्हणते. मी नानाजी विचारले ते तिचा बाप म्हणून, तिनं सांगितले ते सासरा म्हणून. चौदा पानं परक्या घराण्याचा इतिहास मी माझ्या अक्षरात लिहून काढला होता, आणि बिबट्याही त्यांचाच निघाला.

"मंग आपले ते?" मी विचारलं.

"आपले ते?" आत्या म्हणाली. "आपले ते भाटाशी भांडले न बापा."

आमच्या घराण्याचा एवढाच इतिहास निघाला, पण तो कामाचा होता. आजोबा नागपूरला गिरणीत लागले, तेव्हा एकदा भाट त्यांच्या खोलीवर आला. बावीस पिढ्या म्हणून दाखवल्या आणि धोतर मागितलं. आजोबा म्हणाले, माझ्यापेक्षा गावाकडचा माझा बैल कष्टाळू आहे, त्याची वंशावळ सांग, मग धोतर देतो. भाटानं पोथी बांधली, पाणीही न पिता निघून गेला, आणि पुढच्या मुक्कामाला बसून त्यानं आजोबांच्या नावापुढं तो शब्द लिहून टाकला. तेव्हा माझे वडील तीन वर्षांचे होते आणि आत्या पाळण्यात होती. एका बैलापायी दोन जित्या लेकरांचा जन्म रद्द.

मनोहरराव म्हणाले की तोंडी पुराव्याला काही अर्थ नाही, ॲफिडेव्हिट करा. नागपुरात धंतोलीला त्यांच्या ओळखीचे वकील होते. वकिलांनी पाय पसरून सगळं ऐकलं आणि विचारलं की वडील जन्मले तेव्हा आपण हजर होता का. मी म्हटलं, नव्हतो. मग आपल्या आजोबांना अपत्य झालं हे आपण शपथेवर कसं सांगणार, ही तर ऐकीव गोष्ट झाली. मी म्हटलं, मी स्वतः इथं बसलेलो आहे. ते म्हणाले, आपण बसलेले आहात एवढंच सिद्ध होतं. कागद आणा.

कागद म्हणजे कोतवाल बुक. जुन्या सी. पी. अँड बेरारच्या काळात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा, ती पुस्तकं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये पडलेली असतात. कोणत्या कचेरीच्या ते सांगत नाही, आम्हा नोकरदारांत एकमेकांची लाज राखायची पद्धत आहे, जरी समोरच्यानं राखली नाही तरी. तिथल्या बाबूला मी पहिल्यांदा माझी ओळख सांगितली, हुद्दा सांगितला, दोघांच्या ओळखीच्या एका सुपरिंटेंडेंटचं नाव घेतलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, अर्ज करा, तिकीट लावा, पंधरा दिवसांनी या. ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी ओळखला. तो माझाच आवाज होता, कार्यालयीन. तो समोरून ऐकायला इतका वाईट लागतो याची मला कल्पना नव्हती.

पंधरा दिवसांनी गेलो. नोंद सापडली होती. 'मौजा सावळडोह, नाना निखाडे यांस पुत्र.' बस. पोराचं नाव नाही, कारण कोतवाल जन्माच्या दिवशी लिहायचा आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे आमचे बाबा होते, एका दिवसाचे. मी नक्कल मागितली. बाबू म्हणाला, नक्कल मिळणार नाही, तुमच्या अर्जात नानाजी आहे, इथं नाना आहे. मी म्हटलं, अहो, 'जी' आदरानं लावतात. तो म्हणाला, आदर रेकॉर्डवर नाही. मी 'जी' काढून नवा अर्ज केला. आठ दिवसांनी उत्तर आलं की सावळडोहला त्या सालात नाना निखाडे नावाचे दोन इसम होते, तरी अर्जदाराने आपला नाना कोणता हे पुराव्यानिशी दाखवावे.

तुळशीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. पुष्पलता शाळेतून आली की आधी दाराशी पत्र पडलंय का बघायची. मी शेवटी ज्यानं ही आग लावली त्याच्याकडेच जायचं ठरवलं. भाट म्हणजे लहानू, पहिल्या भाटाचा मुलगा, तोही आता साठीचा, तेव्हा कन्हानला पडोळ्यांच्याच वाड्यातल्या ओसरीवर मुक्कामाला होता. मी खुर्चीवर बसलो, तो खाटेवर, म्हणजे मानानं माझ्यापेक्षा वर. वामनराव बाजूला पानाला चुना लावत बसले होते.

लहानूनं दोन अटी सांगितल्या. थोरल्या शाखेचा कोणी माणूस येऊन म्हणाला पाहिजे की हा आमचा भाऊ आहे. आणि बैलाच्या बोलण्याबद्दल निखाड्यांकडून माफी पाहिजे, चार माणसांदेखत. "तुमच्या आजानं माह्या बापाले बैलाची वंशावळ मांगतली, साहेब," तो म्हणाला. "थो बिमार पडेपर्यंत थेच सांगे." बोलता बोलता त्यानं पोथीवरचं लाल फडकं नीट केलं. माझ्यावर अन्याय झालेला असताना मलाच अपराधी वाटायला लावणं ही त्या माणसाची कमाल म्हणायची.

थोरल्या शाखेचा म्हणजे सावळडोहचा रुपराव, माझा चुलत चुलत भाऊ. त्यापूर्वी मी त्याला एकदाच पाहिलं होतं, कोणाच्या तरी तेरवीला. मी गेलो तर त्यानं काय आनंद दाखवला म्हणून सांगू. पाय धुवायला पाणी, पाटवडीची भाजी, भाकरी, वरून तूप. जेवण झाल्यावर मी कशासाठी आलो ते सांगितलं. त्याचा हात सुपारीवर थांबला. मग कळलं की आजोबा गेल्यावर, आमची शाखा निर्वंश म्हणून, आजोबांच्या वाटणीचं वावर थोरल्या शाखेच्या नावावर चढलं होतं, आणि गेली पन्नास वर्षं ते लोक त्यात संत्री घेत होते.

"दादा, तुम्ही जेवाले कधीबी या," रुपराव म्हणाला. "पण वंश नका काढू."

मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की मला वावर नको, संत्री नको, मला फक्त आजोबांचा नातू व्हायचं आहे. त्याला ते खरं वाटेना. वावराशिवाय कोणी आजा कायले मांगन, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी मी तिथेच ओसरीवर बसून मसुदा केला. 'मी खाली सही करणार जागेश्वर वल्द डोमाजी राजीखुशीने लिहून देतो की...' वगैरे. तीन प्रती काढल्या, एक त्याला, एक तलाठ्याला, एक मला. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका चोख मसुदा मी केला नव्हता, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य माझ्या स्वतःच्याच विरुद्ध होतं. रुपरावानं तो गावच्या मास्तरकडून वाचून घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि मग मला पहिल्यांदा मनापासून भाऊ म्हणाला. निघताना संत्र्यांची टोपली दिली. आमच्याच वावरातली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. वामनराव, त्यांचा पुतण्या, रुपराव, मनोहरराव, आणि न बोलावता सिंधूताई. लहानू भाट खुर्चीवर बसत नाही म्हणून मनोहररावांची खाट बैठकीत आणली, त्यामुळे बाकीच्यांना बसायला जागा उरली नाही. धोतर इतवारीतून आणलं होतं. मी साधं आणणार होतो, वच्छला म्हणाली की वंशासाठी घेऊन राहिलो तर चांगलं घ्या. पुरणपोळीचं जेवण झालं. भाटानं सहा खाल्ल्या.

मग माफी. मी, जागेश्वर डोमाजी निखाडे, हेडक्लार्क, शेजाऱ्यांदेखत आणि होणाऱ्या व्याह्यांदेखत उभा राहिलो, आणि मी कधी न पाहिलेल्या आजोबांनी मी कधी न पाहिलेल्या बैलाबद्दल काढलेल्या उद्गारांची माफी मागितली. मनोहरराव मान डोलावत होते, जणू त्यांनीच मसुदा केला होता. लहानूनं हात जोडले, डोळे पुसले आणि पोथी सोडली.

त्यानं म्हणायला सुरुवात केली आणि खरं सांगतो, मी सगळा राग विसरलो. मूळ पुरुष, त्याचे तीन, त्यातल्या मधल्याचे दोन, कोण कुठून उठून कुठं गेला, कोणी विहीर बांधली, कोण पटकीत गेला. बावीस पिढ्या, एकही कागद न पाहता. नानाजीवर आला तेव्हा थांबला, रुपरावाकडे पाहिलं. रुपराव म्हणाला, हा आमचाच हाय. लहानूनं टाक बुडवला आणि जुन्या शब्दाला हात न लावता बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, नानाजीचा डोमाजी, डोमाजीचा जागेश्वर. वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. बाबा आता एका दिवसाचे राहिले नाहीत असं मला वाटलं.

"पोट्टे किती?" लहानूनं विचारलं.

मी म्हटलं, एक मुलगी, पुष्पलता. त्यानं मान हलवली, लिहिलं आणि सहीसाठी पोथी माझ्यापुढं सरकवायला लागला.

हेडक्लार्कला उलटं वाचता येतं. साहेबाच्या टेबलावरचं काय काय मी बावीस वर्षं असंच वाचत आलो आहे. जागेश्वरच्या पुढं त्यानं लिहिलं होतं, निर्वंश.

मी विचारलं, हे काय लिहिलं? तो शांतपणे म्हणाला की रीत आहे, वंश पोरानं चालतो. मी म्हटलं, माझी मुलगी इथं समोर उभी आहे. तर म्हणाला, "तिचं तिच्या घरच्या पोथीत येईन ना, साहेब. पडोळ्यायच्या. सून, निखाड्यायची, म्हणून."

"आणि नाव?"

"नाव नाई लिहत. निखाड्यायची लिहतो."

वामनरावांनी पान तोंडात घातलं आणि म्हणाले की झाला खुलासा, नानाजीचा नातू म्हणून सिद्ध झालं, आता आमची काही हरकत नाही, तिथी काढू. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सिंधूताईंनी साखर आणायला सांगितलं. फक्त माझी सही राहिली होती. वच्छला डोळ्यांनी सांगत होती की करा, करा. पुष्पलता सुपारीचं तबक घेऊन उभी होती.

"करून टाका सही, बाबा," ती म्हणाली. "मले काही नाई वाटत."

पण ती तबकाकडे पाहत होती, आणि तिला वाटत होतं. एवढी बी.एस्सी. झालेली, शाळेत चाळीस पोरांना धाकात ठेवणारी माझी मुलगी माझ्याच घरात, माझ्याच पुरणपोळ्या खाल्लेल्या माणसासमोर, नसल्यासारखी उभी होती. एक महिना मी उमरेडला, धंतोलीला, रेकॉर्ड रूमला, सावळडोहला पायपीट केली ती माझा आजा मिळवण्यासाठी नव्हे, हिच्यासाठी केली. मला रडू आलं आणि संताप आला, दोन्ही एकदम. म्हणून बावीस वर्षं जे करत आलो तेच केलं.

खिशातून पेन काढला. भाटाच्या टाकाच्या काळ्या शाईवर माझ्या निळ्या शाईनं 'निर्वंश' वर एक रेघ मारली. एकच, आडवी, मूळ नोंद वाचता येईल अशी, नियमाप्रमाणे. तिच्यावर लिहिलं: पुष्पलता. समासात लिहिलं, 'दुरुस्ती केली', सही केली, तारीख टाकली. लहानू भाट खाटेवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. दोन-तीनशे वर्षांत त्या पोथीत परक्याचा हात लागला नव्हता, असं तो नंतर म्हणाला. मनोहररावांना आयुष्यात पहिल्यांदा काही सल्ला सुचला नाही. मी वामनरावांकडे पाहिलं नाही. लग्न मोडलं हे मला कळत होतं, मुलीनं पहिल्यांदा 'चालेल' म्हटलेलं लग्न, आणि ते मी मोडलं होतं. पुष्पलता मात्र आता तबकाकडे पाहत नव्हती, पोथीकडे पाहत होती.

मग वामनराव उठले, बाहेर जाऊन पान थुंकून आले, आणि मला वाटलं चपला घालतील. पण ते खाटेशी येऊन उभे राहिले.

"लहानू, आमचं पान काढ," ते म्हणाले.

लहानूनं पानं उलटली. वामनराव म्हणाले, माझ्या नावापुढचं वाच. लहानूनं शाईची दौत सरकवली. पुन्हा म्हणाले, वाच. तो खाली मान घालून पान नुसतं सारखं करत राहिला.

"परवा तू माह्या घरी पोथी वाचली," वामनराव म्हणाले, "तवा माह्यावरून सीधा धाकट्या भावावर गेला. मले वाटलं, घाईत हाय." ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज आधीसारखाच होता, फक्त हळू. "मले तीन पोरी हायेत, निखाडे. तिघीबी नांदून राहिल्या."

त्यांनी माझ्यापुढं हात केला आणि पेन मागितला. मी टोपण काढून दिला. ते पोथीवर वाकले, एक रेघ मारली, आणि मोठ्या, शाळकरी अक्षरात, एकेका अक्षराला वेळ देत लिहिलं: गोपिका, रुखमा, चंद्रकला. समासात 'दुरुस्ती केली' लिहिलं. मग पेन तसाच धरून मला विचारलं, सही पूर्ण करायची का छोटी?

मी म्हटलं, छोटी चालते, पण खाली तारीख टाका.